काळप्रवासाच्या चित्रकथेतले तोतये : 'हजार ग्रहांचे साम्राज्य' आणि हरवलेल्या वंशाचे सोंग

जुनीपाने (धागाकर्ता)

फ्रेंच चित्रकथांविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही आणि लिहिले गेलेच तर ते ॲस्टेरिक्सपाशी येऊन थांबते. म्हणून हा धागा 'व्हॅलेरियन आणि लॉरलीन' या मालिकेसाठी, आणि त्यातही तिच्या एकाच अंगासाठी काढत आहे. कथानकाचा शेवट उघड केल्याशिवाय हा विषय मांडताच येत नाही. त्यामुळे ज्यांना मूळ पुस्तक आधी वाचायचे आहे त्यांनी येथूनच मागे फिरावे.

ज्यांना मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. लेखक पिएर क्रिस्तँ आणि चित्रकार जाँ-क्लोद मेझिएर हे दोघेही १९३८ सालचे आणि युद्धकाळातल्या बालपणापासूनचे मित्र. रंगकाम मेझिएर यांच्या भगिनी एव्हलीन त्राँले यांचे. 'पिलोत' या साप्ताहिकात ९ नोव्हेंबर १९६७ रोजी मालिका सुरू झाली. नायक व्हॅलेरियन हा अठ्ठाविसाव्या शतकातल्या गॅलॅक्सिटी या राजधानीचा अवकाश-काळ हस्तक आहे. लॉरलीन मूळची अकराव्या शतकातल्या फ्रान्समधली. ती त्याला पहिल्याच मोहिमेत भेटली आणि पुढे त्याच्याहून हुशार ठरली. मेझिएर २०२२ साली गेले, क्रिस्तँ २०२४ साली.

मला ज्याविषयी लिहायचे आहे ते 'हजार ग्रहांचे साम्राज्य' हे पुस्तक १९७१ साली आले. व्हॅलेरियन आणि लॉरलीन यांना सिर्त या ग्रहावर पाठवले जाते. हजार ग्रहांवर सत्ता असलेले हे साम्राज्य पृथ्वीला कधी धोकादायक ठरू शकेल का, एवढेच त्यांना गुपचूप पाहून यायचे असते. सुरुवातीच्या पानांवरचा सिर्तचा बाजार मेझिएर यांनी इतका रमून काढला आहे की कथानक बाजूला ठेवून तिथेच हिंडत राहावेसे वाटते. अंगाला चिकटून दागिन्यासारखे मिरवता येणारे जिवंत दगड तिथे विकायला ठेवलेले आहेत. गर्दीत कोणीच कोणाकडे वळून पाहत नाही, कारण प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या दूरच्या ग्रहावरून आलेला आहे. राजवाडा मात्र आतून कुजला आहे आणि राजघराणे नावापुरते उरले आहे. खरी सत्ता आहे ती स्वतःला 'जाणकार' म्हणवणाऱ्या, डोक्यावर धातूची शिरस्त्राणे घालून वावरणाऱ्या एका गूढ पंथाकडे. ते रोग बरे करतात, त्यामुळे लोकांना ते हवे आहेत. आणि नव्या ज्ञानाच्या वाटा ते बंद करतात, त्यामुळे व्यापाऱ्यांचा पुढारी एल्मीर यांच्यासारख्यांना ते नको आहेत.

हे जाणकार कोण, कुठल्या प्राचीन वंशाचे, हे सिर्तवर कोणालाच माहीत नाही. शेवटी शिरस्त्राण उतरते तेव्हा आत किरणोत्साराने विद्रूप झालेला माणसाचा चेहरा निघतो. ते पृथ्वीचेच लोक असतात. फार पूर्वी निघालेल्या आणि पृथ्वी पार विसरून गेलेल्या एका मोहिमेतून ते वाचलेले असतात, आणि आपल्याला कोणी शोधायला आले नाही याचा सूड त्यांना पृथ्वीवरच उगवायचा असतो.

साहसकथेतला तोतया सहसा लोभी असतो, कोणाचे तरी राज्य किंवा धन हडपायला तो सोंग घेतो आणि सोंग उतरले की प्रश्न संपतो. येथे सोंग उतरल्यावर खरा प्रश्न सुरू होतो, कारण हेरगिरीला आलेला नायक आणि मुखवट्यामागचा खलनायक एकाच गावचे निघतात. मला चर्चा हवी आहे ती वेगळ्याच मुद्द्यावर. इतकी व्यापारी, इतकी जगाचा अनुभव असलेली सिर्तची वस्ती या सोंगाला भुलली कशी? माझे मत असे की ती भुललीच नाही. हजार ग्रहांच्या बाजारात आणखी एक अनोळखी वंश खपून जातो, आणि जो औषध देतो त्याचे कूळ विचारण्याची घाई कोणालाच नसते. वंश खरा की खोटा याची तपासणी होण्यासाठी तो कोणाच्या तरी आड यावा लागतो.

कोकणकडा

लेख आवडला. 'तोतया' म्हटल्यावर मराठी वाचकाला आधी जे आठवते ते कोणी तरी लिहायलाच हवे, म्हणून मी लिहितो. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी लोकांच्या मनात शंका राहिली आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. त्या शंकेच्या फटीतून भाऊसाहेब म्हणवणारा एक मनुष्य पुढे आला, त्याला कैदेत ठेवले गेले, आणि १७७६ साली तो सुटला तेव्हा कोकणातले किल्ले व माणसे त्याला मिळत गेली. अखेर त्याच वर्षी त्याला पकडून देहदंड दिला गेला.

ही घटना तुमच्या जाणकारांशी ताडून पाहिली तर एक फरक लगेच दिसतो. भाऊसाहेबांचा तोतया होणे अत्यंत अवघड काम होते, कारण ज्यांनी भाऊसाहेबांना जवळून पाहिले होते अशी शेकडो माणसे हयात होती. चेहरा, आवाज, बसण्याची ढब, घरातल्या गोष्टी, या सगळ्यांवर उलटतपासणी होऊ शकत होती. हरवलेल्या वंशाचा तोतया होणे त्या मानाने सोपे, कारण साक्षीदारच नसतात. ज्या वंशाला कोणी पाहिलेच नाही त्याची बसण्याची ढब चुकीची आहे, असे कोण म्हणणार? त्यामुळे सिर्तचे लोक भुलले नाहीत, हे तुमचे म्हणणे मला अर्धेच पटते. त्यांच्याकडे पडताळ्याचे साधनच नव्हते.

मेघमल्हारी

साक्षीदार नसले तरी पडताळा होऊ शकतो, एवढेच कोकणकडा यांना सुचवते. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये जॉर्ज सालमानाझार या नावाने वावरणारा एक गृहस्थ होता. मूळचा दक्षिण फ्रान्सचा, पण आपण फॉर्मोसा बेटाचे, म्हणजे आजच्या तैवानचे रहिवासी आहोत असे तो सांगे. १७०४ साली त्याने फॉर्मोसाचे वर्णन करणारे पुस्तकच प्रसिद्ध केले. त्यात स्वतः रचलेली लिपी होती, स्वतः रचलेली भाषा होती, आणि दरवर्षी अठरा हजार मुलग्यांची हृदये देवाला वाहिली जातात अशी माहितीही होती. तो गोरा कसा, असे विचारल्यावर आमच्याकडचे वरच्या वर्गाचे लोक जमिनीखाली राहतात, असे उत्तर त्याच्यापाशी तयार होते. लंडनमध्ये फॉर्मोसा पाहिलेले जवळजवळ कोणी नव्हते, तेव्हा साक्षीदारांचा प्रश्न येथेही तोच.

परंतु एडमंड हॅली, ज्यांच्या नावाचा धूमकेतू आहे तेच, त्यांनी साक्षीदार शोधलाच नाही. फॉर्मोसा कर्कवृत्तावर आहे, तेव्हा सूर्य माथ्यावर आल्यावर ऊन धुराड्यातून थेट चुलीपर्यंत पडते का, असे त्यांनी विचारले. सालमानाझारने नाही म्हटले. आणि पडायला हवे, असे सांगितल्यावर आमची धुराडी वाकडी असतात, असे उत्तर दिले. उत्तर चतुर होते, पण सूर्याची दिशा त्याच्या कल्पनेच्या ताब्यात नव्हती.

सिर्तवर हॅली नव्हते का? होते, असे मला वाटते. जाणकारांनी सत्ता मिळताच सर्वांत आधी अभ्यासकांनाच गप्प बसवले, यामागचे कारण हेच असावे. तोतया वंशाला शत्रूच्या तलवारीपेक्षा चौकस माणसाची धास्ती अधिक असते. धागाकर्त्यांनी हा मुद्दा मूळ लेखात निसटता ठेवला आहे, त्यावर त्यांनी अजून लिहावे.

चौकटराजा

शिरस्त्राण काढल्यावर आतला भाजलेला चेहरा दिसण्याचे चित्र पाहिले की 'स्टार वॉर्स'मधला डार्थ व्हेडर आठवल्याशिवाय राहत नाही, आणि हे पुस्तक त्या चित्रपटांच्या आधीचे आहे. मेझिएर यांनाही हे साम्य टोचत असावे. १९८३ साली त्यांनी 'पिलोत'साठी एक चित्र काढले होते, त्यात 'स्टार वॉर्स'मधले ल्यूक आणि लीया एका मद्यगृहात व्हॅलेरियन-लॉरलीन यांना भेटतात आणि लॉरलीन त्यांना आपण येथे कधीपासूनच आहोत असे सुनावते. यापलीकडे काही सिद्ध करता येत नाही. मूळ विषय चालू द्यावा.

जुनीपाने

मेघमल्हारी, आपला मुद्दा मान्य. त्यात भर म्हणून एवढेच लिहितो की जाणकारांचा बंदोबस्त दुहेरी आहे. वैद्यकी स्वतःकडे ठेवायची, म्हणजे गरजू माणूस प्रश्न विचारत नाही. आणि अभ्यास थांबवायचा, म्हणजे ज्याला गरज नाही त्यालाही प्रश्न विचारता येत नाही. या जाळ्याबाहेर राहिला तो फक्त व्यापारी. त्याला औषध विकत घेता येते आणि चार ग्रहांवरच्या बातम्याही त्याच्या कानांवर असतात. क्रिस्तँ यांनी उठाव राजपुत्राकडे किंवा सेनापतीकडे न देता एल्मीर आणि त्यांच्या व्यापारी संघाकडे दिला, हे मला त्या पुस्तकातले सर्वांत विचारपूर्वक केलेले काम वाटते.

आता खरा वंश आणि खोटा वंश यांच्याविषयी. पुढच्याच वर्षी, १९७२ साली, याच जोडीने 'अल्फ्लोलोलवर स्वागत' हे पुस्तक केले आणि त्यात नेमकी उलटी परिस्थिती मांडली. टेक्नोरोग हा पृथ्वीकरांनी उभारलेला प्रचंड औद्योगिक ग्रह आहे, खाणी आणि कारखान्यांनी खच्चून भरलेला. एके दिवशी तिथे अल्फ्लोलोलचे मूळ रहिवासी परत येतात. त्यांचे आयुष्य इतके लांब असते की चार हजार वर्षांची अंतराळसहल करून ते सहज घरी परतले आहेत, आणि घर कोणी तरी बळकावले आहे. ते हसतमुख आहेत, कोणावर हात उगारत नाहीत. पृथ्वीच्या कायद्याप्रमाणे त्यांचा हक्क मान्यही होतो. आणि मान्य झाल्यावर राज्यपाल त्यांना एका राखीव पट्ट्यात नेऊन बसवतात, पुढे अन्नाच्या बदल्यात कारखान्यात कामालाही लावतात.

ही दोन पुस्तके शेजारी ठेवावीत असे मी सुचवेन. खोट्या वंशाला राजवाडा मिळतो आणि खऱ्या वंशाला राखीव जमीन. अल्फ्लोलोलच्या लोकांवर कोणी तोतयेपणाचा आरोपही करत नाही. ते खरे आहेत हे सर्वांना ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असल्यामुळे कारखान्याच्या वेळापत्रकात काडीचाही फरक पडत नाही.

बखरवाचक

१९७१ या सालाचा उल्लेख वाचून मला हलता आले नाही. त्याच वर्षी फिलिपाईन्सच्या मिंदानाओ बेटावरील जंगलात 'तासादाय' नावाची अश्मयुगीन जमात सापडल्याची बातमी जगभर गाजली. गुहांमध्ये राहणारी, पानांची वस्त्रे नेसणारी सव्वीस माणसे, ज्यांना शेती माहीत नाही आणि बाहेरचे जग माहीत नाही. राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या सरकारात अल्पसंख्य जमातींचे खाते सांभाळणारे मॅन्युएल एलिझाल्डे यांनी ती उजेडात आणली. १९७२ साली 'नॅशनल जिओग्राफिक'ने त्यांना मुखपृष्ठावर घेतले, आणि त्याच वर्षी मार्कोस यांनी सुमारे १९ हजार हेक्टर जंगल त्यांच्यासाठी राखीव केले. १९८६ मध्ये मार्कोस यांची सत्ता गेल्यावर ओस्वाल्ड इटेन हे स्विस पत्रकार परवानगीशिवाय तिथे पोहोचले, तर गुहा रिकाम्या होत्या आणि माणसे साध्या घरांत, साध्या कपड्यांत राहत होती. आम्हाला तसे राहायला सांगितले होते, असे त्यांच्यातल्या काहींनी सांगितले. जगाने लगेच लबाडी म्हणून शिक्का मारला.

माझ्या मते येथे काळप्रवासाची कथा फार जवळ येते. या माणसांना दुसऱ्या देशाचे सोंग दिले गेले नव्हते, दुसऱ्या काळाचे दिले गेले होते. छायाचित्र पाहणाऱ्याला जणू दहा हजार वर्षे मागे जाऊन आल्याचा आनंद हवा होता, आणि तो पुरवला गेला.

मेघमल्हारी

बखरवाचक, तासादाय प्रकरण 'लबाडी'वर थांबवू नये. पुढे लॉरेन्स रीड या भाषाशास्त्रज्ञांनी त्या लोकांच्या बोलीचा प्रत्यक्ष अभ्यास केला. ती शेजारच्या मानोबो भाषेचीच एक बोली असली तरी त्या गटाची वेगळी वाट काही पिढ्यांपूर्वीच, साधारण दीडशे वर्षांपूर्वी, फुटलेली असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे ते अश्मयुगीन नव्हते, पण शेजारच्या गावातून भाड्याने आणलेले नटही नव्हते. ते खरोखर एक लहानसा, आडबाजूला राहणारा समूह होते. त्यांच्या अंगावर वाढवून सांगितलेला काळ चढवला गेला, आणि तो उतरवताना त्यांचे खरेपणही उतरवले गेले.

त्यामुळे जाणकार आणि तासादाय यांना एका रांगेत बसवता येत नाही. जाणकारांनी मुखवटा स्वतः घडवला आणि स्वतः चढवला. तासादायांचा मुखवटा दुसऱ्याने घडवला. सालमानाझार पहिल्या प्रकारचा. इंग्लंडमध्ये १८१७ साली ब्रिस्टलजवळ 'जावासू' बेटाची राजकन्या म्हणून वावरलेली काराबू मात्र मधली म्हणावी लागेल. ती मूळची डेव्हनमधल्या चांभाराची मुलगी, मेरी बेकर. अनोळखी भाषेत काहीबाही बोलणे एवढेच तिने सुरुवातीला केले. मला ही भाषा येते, म्हणत एक पोर्तुगीज खलाशी पुढे आला आणि बेट, राजघराणे, चाच्यांनी केलेले अपहरण हे सारे तिच्या बडबडीतून त्याने 'वाचून' दाखवले. पुढे वर्तमानपत्रातले वर्णन वाचून जिच्याकडे ती पूर्वी राहिली होती त्या घरमालकिणीने तिला ओळखले. सोंगाला दुभाषा मिळाला की सोंग घेणाऱ्याचे काम निम्मे होते.

कोकणकडा

म्हणजे अखेर साक्षीदारच उपयोगी पडला, धुराडे नव्हे. घरमालकीण ही साक्षीदारच.

मेघमल्हारी

मान्य. पण ती मेरी बेकरची साक्षीदार होती, जावासूची नव्हे. 'ही अमुक वंशाची नाही' हे सिद्ध करण्यापेक्षा 'ही आमच्याकडची अमुक आहे' हे सिद्ध करणे नेहमीच सोपे. सिर्तवर नेमके तेच घडते. जाणकार प्राचीन वंश नाहीत हे हजार ग्रहांना कळले नाही. ते पृथ्वीचे आहेत हे पृथ्वीच्या दोन माणसांसमोर आल्यावर उघडे पडले.

निळासावळा

माझा प्रश्न वेगळा आहे. गॅलॅक्सिटीकडे काळात मागे जाण्याचे यंत्र आहे. मग एखादा हस्तक मागे पाठवून त्या हरवलेल्या मोहिमेचे काय झाले हे आधीच का पाहिले गेले नाही? काळप्रवास असलेल्या जगात हरवलेला वंश ही कल्पना टिकतेच कशी? कोणताही वंश 'हरवलेला' आहे म्हणणे म्हणजे अजून कोणी मागे जाऊन पाहिले नाही, एवढेच.

जुनीपाने

निळासावळा, प्रश्न रास्त आहे. एक उत्तर असे की गॅलॅक्सिटीचे हस्तक भूतकाळाचे राखणदार आहेत, संशोधक नाहीत. इतिहासात कोणी ढवळाढवळ करू नये हे पाहणे हे त्यांचे काम, त्यामुळे ते मागे जातात तेही काही बिघडले असेल तरच. विसरल्या गेलेल्या मोहिमेमुळे गॅलॅक्सिटीचे काहीच बिघडलेले नव्हते. जे बिघडले ते त्या माणसांचे.

दुसरे उत्तर मला अधिक भावते. या पुस्तकात काळप्रवास जवळजवळ वापरलाच जात नाही; सिर्तची मोहीम व्हॅलेरियनच्या स्वतःच्या वर्तमानातच घडते. लांबचा काळ पार करून आलेले खरे प्रवासी आहेत ते जाणकारच. जे अंतर व्हॅलेरियनचे यान एका उडीत ओलांडते, ते त्यांनी एकेक दिवस मोजून, जळक्या चेहऱ्यांनी, परक्या ग्रहावर ओलांडले. म्हणून 'आम्ही प्राचीन आहोत' हा त्यांचा आव निव्वळ थाप राहत नाही. ते खरोखरच जुने आहेत, खरोखरच हरवलेले आहेत. फक्त ज्या वंशाचे ते सोंग घेतात तो नाहीत.

चौकटराजा

या न्यायाने इंद्रजाल कॉमिक्समधला आपला वेताळही तोतयाच ठरतो. चारशे वर्षे जिवंत असलेला एक अमर पुरुष आहे असे जंगलाला वाटते. प्रत्यक्षात बाप मेला की मुलगा तोच पोशाख, तीच कवटीची अंगठी घालून उभा राहतो, आणि आपण वाचत होतो तो एकविसावा. तोही मुखवट्यामागे, तोही काळाविषयी खोटे सांगणारा. पण लहानपणी आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही.

बखरवाचक

वेताळाचा फरक असा की गुपित बांडार बुटक्यांना माहीत आहे. एक संपूर्ण जमात साक्षीदार आहे आणि तिच्या संमतीने ते सोंग चालते. जाणकारांच्या भोवती असे कोणीही नाही. शिवाय वेताळाचे निर्माते ली फॉक यांनी तो मुखवटा वाचकासमोर पहिल्यापासून उघडा ठेवला, तर क्रिस्तँ यांनी तो शेवटच्या पानांपर्यंत बंद ठेवला. त्यामुळे वेताळाच्या बाबतीत आपण कटात सामील असतो आणि सिर्तवर आपण फसणाऱ्यांत असतो.

धुळपाटी

२०१७ साली ल्युक बेसाँ यांनी काढलेल्या चित्रपटाचा उल्लेख अजून कोणी केला नाही. त्याच्या नावात 'हजार ग्रह' असले तरी कथा मुख्यतः १९७५ च्या 'सावल्यांचा राजदूत'वरून घेतली आहे आणि त्यात जाणकार कुठेच नाहीत. त्यांच्या जागी आहेत म्यूल ग्रहाचे मोत्यांसारख्या कांतीचे लोक. माणसांच्या युद्धात त्यांचा ग्रह नष्ट झाला. म्यूलवर कोणी राहत नव्हतेच अशी अधिकृत नोंद करून सेनापतीने तो गुन्हा दडपला, आणि वाचलेले थोडे लोक आल्फा या महानगरीच्या पोटात लपून राहिले.

या चित्रपटात वंश खरा आहे आणि दप्तरातली नोंद तोतया आहे. चित्रपट म्हणून तो मला फार विस्कळीत वाटला, नायक-नायिकेची निवड तर अजिबात पटली नाही, पण सुरुवातीचा म्यूलच्या किनाऱ्यावरचा भाग मेझिएर यांच्या चित्रांना शोभेल असा आहे. हरवलेला वंश निव्वळ भोळा आणि सुंदर दाखवण्याची सवय मात्र तिथे सुटलेली नाही. अल्फ्लोलोलचे लोक त्या मानाने कितीतरी अधिक जिवंत वाटतात, कारण ते आळशी आहेत, खेळकर आहेत, कधी कधी चक्क वैताग आणतात.

जुनीपाने

धुळपाटी, अगदी बरोबर. नवीन वाचकांनी कोणत्या क्रमाने वाचावे असे दोघांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे, त्यांना येथेच उत्तर देतो. आधी 'हजार ग्रहांचे साम्राज्य', लगेच 'अल्फ्लोलोलवर स्वागत', आणि या विषयात रस टिकला तर १९८५ चे 'हिप्सिसचे वज्राघात'. त्यात पृथ्वीची मालकी सांगणारे तीन देव भेटतात, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. त्यांची अवस्था इतकी भिकार आहे की हे देव खरे की कोणी तोतये, असा प्रश्न वाचकाला पानोपानी पडतो आणि क्रिस्तँ तो मुद्दामच सोडवत नाहीत. त्या पुस्तकाआधी 'इन्व्हरलॉकची भुते' वाचणे आवश्यक आहे, कारण कथा तिथून सुरू होते. तिघा देवांवर चर्चा करायची असल्यास वेगळा धागा काढू, या धाग्यात ती मावणार नाही.